आकडीची बखर

दिवाळी अंकात आजाराची गोष्ट सांगू नये असा एक अलिखित संकेत आहे. फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकाच्या हाती दवाखान्याचे कागद कोणी द्यावेत? संकेत मला मान्य आहे. तरीही यंदा तो मोडतो आहे. एक तर ही गोष्ट जितकी आजाराची आहे तितकीच इतिहासाची आहे, आणि इतिहास शिकविणे हा माझा आयुष्यभराचा धंदा होता. दुसरे असे की ही गोष्ट एका भाऊबीजेपाशी येऊन थांबते. तेव्हा ती सांगावयाची तर दिवाळीतच सांगितली पाहिजे.

माझे गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. आज आमचा जिल्हा जालना. १ मे १९८१ पूर्वी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो आणि १९४८ च्या सप्टेंबरापूर्वी निजामाच्या राज्यात. देवीचे नाव मिरवणारे हे गाव आता मिरचीच्या बाजारासाठी लांबवर ठाऊक झाले आहे. हंगामात बाजारात पाऊल टाकले की परक्या माणसाला आधी ठसका लागतो आणि मग गाव दिसते. सहा वर्षांमागे याच बाजारात माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, मिरचीचे माप घालून हाती आलेल्या नोटा मोजीत उभे होते. मोजता मोजता त्यांचा डावा अंगठा आपोआप उडू लागला. त्यांनी तो उजव्या हाताने दाबून धरला. मग मनगट उडाले, कोपर उडाले, डावा गाल ओढला जाऊ लागला, ओठाचा कोपरा थरथरला. आणि दादा मिरचीच्या पोत्यांवर कोसळले. त्यांचे सारे अंग ताठ झाले आणि झटके देऊ लागले.

पुढे काय झाले असेल हे कोणत्याही गावातला वाचक सांगू शकेल. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. दुसऱ्याने पायातले पायताण हुंगविले. तिसऱ्याने किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला. "बाहेरचं लागलं" असे कोणी म्हणाले, "देवीचं काही राहिलं असेल" असे कोणी म्हणाले. मी शिकला-सवरलेला, मास्तर माणूस. मी हे काहीच केले नाही. मी चहाच्या टपरीवरून एक चमचा आणला आणि जीभ चावली जाऊ नये म्हणून तो दादांच्या दातांत घातला. त्यांचा एक दात तुटला. कांद्याने आणि पायताणाने काही बिघडले नव्हते. जे बिघडले ते शहाण्या माणसाच्या हातून.

त्या तुटलेल्या दाताने मला या विषयाच्या मागे लावले. शहरात छायाचित्रे निघाली आणि दादांच्या मेंदूत उजव्या बाजूला गाठ असल्याचे कळले. डॉक्टरांनी आकडी कशी सुरू झाली हे विचारले, तेव्हा मी अंगठ्याची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, ही हकीकत दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने लिहून ठेवली आहे." तो माणूस कोण, हे शोधावयास मी निघालो आणि वाट पार चरकापर्यंत मागे गेली.

आपल्याकडे या विकाराला फेफरे म्हणतात, मिरगी म्हणतात, आकडी म्हणतात, आणि आता सरसकट 'फीट' म्हणतात. वैद्यकातले जुने नाव अपस्मार. स्मृतीचे निघून जाणे असा त्याचा अर्थ. नटराजाच्या मूर्तीत देवाच्या पायाखाली जो बुटका दिसतो, त्याचेही नाव अपस्मारच. चरकसंहितेने या विकाराचे वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे चार प्रकार सांगितले, औषधी तुपे सांगितली. परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती तिने दिलेली एक साधी सूचना: अशा रोग्याला पाणी, अग्नी, झाड आणि डोंगरकडा यांपासून नेहमी जपावे, कारण ती तत्काळ प्राण घेतात. म्हणजे रोग बरा होवो न होवो, रोग्याला विहिरीच्या काठावरून आणि चुलीपुढून दूर ठेवणे आपल्या हाती आहे. दोन हजार वर्षांनंतरही याहून शहाणा सल्ला पहिल्या भेटीत कोणी देत नाही. ग्रीस देशात इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथाने असेच धाडस केले. लोक ज्याला दैवी रोग म्हणत, तो इतर रोगांहून अधिक दैवी नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ग्रंथ राहिला आणि मांत्रिकही राहिले.

आता अंगठ्याचा शोध. लंडनमध्ये जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. जन्म १८३५, मृत्यू १९११. त्या काळी मेंदूच्या आतले दाखवणारे यंत्र नव्हते. जॅक्सन नुसते पाहत. आकडी कोठून सुरू झाली, कोठून कोठे गेली, हे ते पहाऱ्यावरच्या शिपायाप्रमाणे टिपून ठेवीत. त्यांना असे आढळले की काही रोग्यांची आकडी एका बाजूने सुरू होते: बहुधा हाताच्या अंगठ्यातून आणि तर्जनीतून, नाहीतर चेहऱ्याच्या एका बाजूतून, नाहीतर पायातून. आणि मग ती क्रमाने चालत जाते. त्यावरून त्यांनी ताडले की मेंदूतही या अवयवांच्या जागा क्रमाने लागलेल्या असल्या पाहिजेत, आणि जेथून आकडी निघते तेथेच मूळ इजा असली पाहिजे. १८७३ मध्ये त्यांनी सांगितले की आकडी म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून होणारा अचानक आणि अतिरिक्त स्फोट. बाहेरचे काही लागलेले नसते. आतलीच वीज वाट सोडून धावते.

जॅक्सनसाहेबांच्या चरित्रातली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनाही याच जातीच्या आकड्या येत. १८७६ मध्ये त्या वारल्या. वैद्यकात आज या आकडीला जॅक्सनचे नाव आहे. त्या घरात रात्री-अपरात्री काय घडत असेल, हे मिरचीच्या बाजारातला तो दिवस पाहिल्यावर मला कोणी सांगावयास नको होते.

निदान झाले, पण उपाय? २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यवैद्याने एका पंचवीस वर्षांच्या स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडली. त्याच्या आकड्या चेहऱ्यात आणि डाव्या हातात येत. केवळ त्यांवरून ह्युज बेनेट या डॉक्टरांनी गाठीची जागा सांगितली होती, आणि नेमकी तेथेच अक्रोडाएवढी गाठ सापडली. आकड्या थांबल्या, डोकेदुखी थांबली. पुढे जखमेत दोष शिरला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो शेतकरी गेला. गॉडली हे जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक लिस्टर यांचे भाचे. तरीही जंतूंनीच डाव साधला. वैद्यकाचा इतिहास या शस्त्रक्रियेला यशस्वी म्हणतो. शेतकऱ्याच्या घरच्यांनी तिला काय म्हटले असेल? मला मात्र एवढे दिसले की तो मनुष्य मरणापूर्वी काही दिवस आकडीवाचून जगला. ही गोष्ट लहान नव्हे, हे मला पुढे कळले.

लंडनमध्ये हे चालले असता आमचा मुलूख कोठे होता? तो निजामाच्या राज्यात होता, आणि त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मची भूल किती सुरक्षित आहे हे ठरविण्यासाठी दोन आयोग बसले. खर्च निजाम सरकारचा. चर्चा साऱ्या जगाच्या वैद्यकीय पत्रांतून. एकीमागून एक अशा न थांबणाऱ्या आकड्या मोडण्यासाठी त्या काळचे डॉक्टर क्लोरोफॉर्मच हुंगवीत. म्हणजे हुंगविण्याचा उपाय पायताणापुरता नव्हता! राजधानीत औषधाची कीर्ती जगभर होत होती आणि त्याच राज्याच्या खेड्यांत कांदा फुटत होता. औषध निघणे एक आणि ते गावाच्या वेशीपर्यंत येणे दुसरे.

या वाटचालीचे टप्पे मी वहीत मांडून ठेवले आहेत. १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा गुण सांगितला. आकडीला खरोखर लागू पडणारे ते पहिले औषध, पण ते माणसाला मंद करी. १९१२ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टराने फेनोबार्बिटलचा गुण ओळखला. रोग्यांना रात्री शांत झोप लागावी म्हणून त्याने ते दिले, तो त्यांच्या आकड्याच कमी झाल्या. हाउप्टमान ज्यू होता. पुढे त्याला देश सोडून अमेरिकेस जावे लागले. त्याचे औषध मात्र देशोदेशी पोहोचले. 'गार्डिनल'ची गोळी आमच्या पिढीच्या पुष्कळ घरांत ठाऊक आहे, ती हीच. १९३८ मध्ये बोस्टनच्या मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन दिले, ज्याने आकडी आवरते पण झोप येत नाही. १९४९ मध्ये वेल्लोरला जेकब चँडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला, १९५६ मध्ये औरंगाबादेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९६१ च्या सुमारास गाठीभोवतीची सूज उतरविणारे डेक्सामेथासोन मेंदूच्या रोग्यांना मिळू लागले, आणि शतक संपता संपता लेव्हेटिरासिटॅम आले. दादांच्या गोळ्यांच्या डब्यात यांतली दोन होती. तो डबा म्हणजे एक छोटे वस्तुसंग्रहालयच होते.

दादांची शस्त्रक्रिया झाली. काढता येईल तेवढी गाठ काढली, किरण दिले, आणि सव्वा वर्ष बरे गेले. दादांनी एक हंगाम मिरची लावली आणि ती स्वतः विकलीही. मग गाठ पुन्हा वाढली, आणि आता ती काढण्यात अर्थ नाही असे डॉक्टरांनी सांगितले.

याच दिवसांत गावातून एक प्रश्न येऊ लागला. "गुरुजी, तुमच्या घराण्यात फेफरं आहे का हो?" विचारणाऱ्याच्या मनात दादांची थोरली मुलगी असे, तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू होते. मी सांगत असे की ही आकडी गाठीची आहे, घराण्याची नाही. परंतु खरे उत्तर निराळेच होते: घराण्यात असते तरी काय बिघडते? आपल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणाऱ्या अपस्माराची गणना विवाहाच्या अपात्रतेत झाली होती. १९९९ मध्ये तो शब्द कायद्यातून काढून टाकला गेला. कायद्याला तेवीस वर्षे लागली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणखी किती लागतील?

गाठ वाढली तशी आकडी वाढली. मेंदूच्या गाठीच्या रोग्यांपैकी साधारण तीनांत एकाला शेवटच्या आठवड्यांतही आकड्या येतात, असे पुढे वाचनात आले. नेमकी त्याच वेळी गिळण्याची शक्ती जाते. दादांच्या घशाखाली गोळी उतरेना. गोळी चुकली की आकडी, आकडी आली की जीप, जीप की शहर. प्रत्येक खेपेस तासन् तासांचा खडखडाट, अनोळखी खाट, नवा डॉक्टर, पुन्हा तेच प्रश्न. तिसऱ्या खेपेस परत येताना दादा अस्पष्ट बोलले, "मला आता घरीच ठेवा." वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ठेवू हो भावजी. पण ती आली तर मी एकटी काय करू?"

हा प्रश्न वहिनींच्या आधी पुष्कळांनी विचारला आहे, आणि त्याला उत्तर शोधणाऱ्यांचाही इतिहास आहे. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर नावाचे रुग्णालय काढले. तेथे असाध्य रोग्याला बरे करण्याचा हट्ट नव्हता. त्याचा त्रास हटविण्याचा मात्र होता. आपल्या देशातली अशी पहिली संस्था मुंबईतच निघाली: वांद्र्याचे शांती अवेदना, १९८६, डॉक्टर लुइस डिसूझा यांच्या प्रयत्नाने. केरळातील मंडळींनी पुढे तीच कल्पना रोग्यांच्या घरापर्यंत नेली. आणि औषधाचे म्हणाल तर १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत असे आढळले की मिडाझोलॅम हे औषध मुलाच्या गालाच्या आतल्या बाजूस सोडले तर ते, गुदद्वारातून द्याव्या लागणाऱ्या जुन्या औषधाइतकेच, आकडी थांबविते. आता ते नाकात फवारण्याजोगे आपल्याकडेही मिळते. गिळावयास नको, सुई नको. घरातल्या माणसाने द्यावे.

हे सारे आम्हाला एका परिचारिकाबाईंनी शिकविले. त्या शहरातून दोनदा घरी आल्या. गोळीऐवजी बारीक सुईने कातडीखाली औषध देण्याची व्यवस्था डॉक्टरांनी करून दिली होती. ती त्यांनी पाहून घेतली. मग त्यांनी वहीचा एक कागद फाडला आणि ठळक अक्षरांत लिहिले: घड्याळ पाहा. कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर डॉक्टरांनी सांगितल्या मापाने नाकात फवारा. मग डॉक्टरांना फोन. "तोंडात काहीही घालू नका" या ओळीपाशी मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, सगळेच घालतात." आणि जाता जाता वहिनींना म्हणाल्या, "ताई, आकडीत माणसाला आपलं भान नसतं. ती त्यांच्यापेक्षा तुम्हालाच जास्त दुखते. म्हणून हे औषध जितकं त्यांचं, तितकंच तुमचं." कागद दिनदर्शिकेशेजारी खिळ्याला लागला.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला आमची आक्का आली. दादांना उशीला टेकवून बसविले. आक्काने ताट हाती घेतले, निरांजन लावले, कुंकवाचे बोट दादांच्या कपाळाला टेकविले, आणि दादांचा डावा अंगठा उडू लागला. आक्काच्या हातातले ताट कलले. ते मी धरले. वहिनींनी दादांना हलकेच कुशीवर घेतले. धाकटी पुतणी बारा वर्षांची. ती घड्याळासमोर उभी राहून मोठ्याने मिनिटे मोजू लागली. एक. दोन. कोणी किंचाळले नाही, कोणी कांदा आणावयास धावले नाही. तीन. चार. पाचव्या मिनिटाला वहिनींनी नाकात फवारा दिला. त्यांचा हात कापला नाही. थोड्याच वेळात झटके विरळ झाले, मग थांबले, आणि दादा घोरू लागले. आक्का रडत होती. पुतणी तिला म्हणाली, "आत्या, झालं. आता ते झोपतील. उठल्यावर ओवाळ."

दादा संध्याकाळी उठले. आक्काने निरांजन पुन्हा लावले. ओवाळणीची नोट दादांनी उशीखालून स्वतः काढली. पुष्कळ वेळ लागला, पण कोणी मदत केली नाही.

पुढे एकवीस दिवसांनी, कार्तिकातच, दादा घरीच गेले. शेवटचे दोन दिवस औषधाची मात्रा डॉक्टरांनी वाढविली होती. आकडी आली नाही. गावातले एक वृद्ध म्हणाले, "शांत गेला, देवीची कृपा." मी मान डोलावली. देवीची कृपा होतीच. त्या कृपेत अंगठ्याकडे टक लावून पाहणारे जॅक्सन होते, अठ्ठावीस दिवस जगलेला तो शेतकरी होता, देशोधडीला लागलेला हाउप्टमान होता, वांद्र्याचे ते घर होते, आणि खिळ्याला लावलेला तो कागद होता. वेशीवर अडलेले औषध शेवटी आमच्या घरात आले, ते कोण्या मोठ्या माणसाच्या हातून नव्हे. वहिनींच्या हातून आणि एका मुलीच्या मिनिटे मोजण्यातून.

कागद अजून तेथेच आहे. अधूनमधून कोणी येते, "जरा तो कागद द्या हो, लिहून घेतो," म्हणते. पुतणी आता कॉलेजात जाते. सुट्टीत घरी असली की लिहून तीच देते, आणि तिसरी ओळ दोनदा अधोरेखित करते.